एका कुपीचे गणित

वरूडच्या संत्र्याच्या बागांत आणि कपाशीच्या तासांत राबणाऱ्या माणसांचा इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर त्यात सापाचे प्रकरण मोठे होईल. मजुरीचा दर आणि कामाचे तास यांवर आम्ही पुष्कळ बोललो आहोत. आज सर्पदंशाच्या औषधाच्या एका कुपीविषयी बोलावयाचे आहे. कारण तिच्यावरचे आकडे कळल्यावाचून मजुराला आपले मागणे नीट मांडता येत नाही.

१८९५ च्या सुमारास फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावर उतारा तयार केला. घोड्याला विषाची अगदी सूक्ष्म मात्रा टोचायची, ती हळूहळू वाढवीत न्यायची आणि त्याच्या रक्तातून उतारा काढायचा, अशी ही रीत. हा एकच उतारा सर्व सापांना पुरेल, असे काल्मेत यांना वाटे. परंतु जॉर्ज लॅम्ब यांनी हिंदुस्थानात केलेल्या प्रयोगांत घोणशीच्या विषापुढे तो लुळा पडला. म्हणून पुढे आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून एक औषध निघाले. परळची प्रयोगशाळा १८९९ मध्ये प्लेगसाठी स्थापन झाली व १९२५ पासून तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. या औषधाच्या निर्मितीत तिचा वाटा मोठा आहे.

आता या औषधाचा जोर मोजायचा कसा? वाळविलेले विष काट्यावर तोलतात. समजा, १० मिलिग्रॅम विष १० मिलिलिटर खारट पाण्यात विरघळविले, तर प्रत्येक मिलिलिटरात १ मिलिग्रॅम आले. त्याचा एक भाग घेऊन नऊ भाग पाणी मिसळले, की जोर दहावा हिस्सा झाला. अशा पायऱ्यापायऱ्यांनी केलेल्या द्रावणांत औषध मिसळून ते उंदरांना टोचतात आणि किती जगले ते पाहतात. या खटाटोपातून कुपीवरचा आकडा येतो: १ मिलिलिटर औषध नागाचे ०.६, घोणशीचे ०.६, मण्यारीचे ०.४५ व फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष मारते.

कुपीत बहुधा कोरडी भुकटी असते. तीत १० मिलिलिटर शुद्ध पाणी घालून कुपी हलकेच फिरवतात. जोराने हलविली तर फेस होतो. अशी एक कुपी घोणशीचे ६ मिलिग्रॅम विष मारते. पुढे ते सलाईनच्या बाटलीत घालतात, तेव्हा नातेवाइकांना वाटते की पाणी घालून औषध पातळ केले. शंका स्वाभाविक आहे, पण निराधार आहे. चार चमचे साखर पेल्यात घाला की घागरीत. गोडी कमी लागेल, साखर चार चमचेच राहील.

खरी गोम पुढे आहे. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते, असे धरले जाते. ६३ ला ६ ने भागा. दहाच्या वर उत्तर येते. भारताच्या २००७ च्या उपचार-नियमावलीत सुरुवातीलाच ८ ते १० कुपी सांगितल्या, त्या याच हिशेबाने. मजुराच्या पाच वर्षांच्या पोरालाही तेवढ्याच. साप काही पोराचे वजन पाहून विष कमी सोडीत नाही! म्हणून दवाखान्यात ‘औषध आहे का’ एवढेच विचारून भागत नाही. कुपी किती आहेत, हे विचारले पाहिजे. दोन कुपी असलेले कपाट आमच्या मते रिकामेच होय.

आणखी एक गोष्ट. देशातील बहुतेक औषध ज्या विषावर बनते, ते तमिळनाडूतील इरुळा सर्पमित्रांची, १९७८ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था पुरवते. कष्टकऱ्यांची ही संस्था आम्हांला आदराची वाटते. मात्र एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, असे संशोधकांना आढळले आहे. तेव्हा तिकडच्या घोणशीवर काढलेला ०.६ चा आकडा वऱ्हाडातल्या घोणशीला कितपत लागू पडतो, हे इकडचे विष तोलून, त्याच पायऱ्यांनी पातळ करूनच ठरवावे लागेल.