कोठीची खोली आणि काचेची बरणी

आमची एक जुनी विद्यार्थिनी विवाहानंतर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात स्थायिक झाली आहे. गेल्या भाद्रपदात तिने आम्हांस एक छायाचित्र पाठविले. तळघरातील लाकडी फळ्यांवर काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या. कोणात टोमॅटो, कोणात पीच, कोणात सफरचंदाचा गर. खालच्या फळीवर तांदूळ, डाळी, मीठ, मेणबत्त्या, काडेपेट्या आणि पिण्याच्या पाण्याचे बुधले. हिमवादळाने चार दिवस दार उघडता आले नाही तरी चूल अडू नये, अशी ही तजवीज. ही विद्या ती शेजारच्या एका वृद्ध बाईंकडून शिकली. पत्राच्या शेवटी तिने सहज विचारले होते, "सर, परसात श्रावणघेवडा अमाप आला आहे. बरण्यांत भरून आपल्या नेहमीच्या कुकरात चार शिट्ट्या काढल्या, तर वर्षभर राहील ना?"

आम्ही इतिहासाचे अध्यापक. स्वयंपाकघरातील आमचा अधिकार चहा करण्यापलीकडे जात नाही. पण ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्याच दिवशी धाडले, आणि ते 'मुळीच नको' असे होते. त्या दोन शब्दांमागे सव्वादोनशे वर्षांची हकीकत आहे. ती वाचकांपुढे मांडावी म्हणून हा लेख.

धान्य साठविण्याची कला फार जुनी. धान्य मुळात कोरडे असते आणि त्या कोरडेपणावरच टिकते. आपल्याकडील कणगी, बलद, पेव ही सारी साधने ओल आत येऊ द्यायची नाही ह्या एका तत्त्वावर उभी होती. खरा प्रश्न ओल्या अन्नाचा. भाजी, फळ, मांस, दूध ही पाण्याने भरलेली. त्यांस टिकवायचे तर पाणी काढून टाकावे, नाही तर मीठ, साखर, आंबट किंवा धूर ह्यांपैकी कोणास तरी पहाऱ्यावर बसवावे. सांडगे, मुरंबे, लोणची, कोकणातील सुकी मासळी ही सर्व ह्याच घराण्यातील. पण ह्या उपायांत पदार्थ टिकतो तो आपले मूळ रूप टाकून. कैरीचे लोणचे होते. कैरी राहत नाही. पदार्थ जवळजवळ जसाच्या तसा ठेवून काळास अडवून धरावे, हे अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणास साधले नव्हते. ते साधले एका हलवायाला.

निकोला अपेर हा १७४९ साली फ्रान्समधील शालों येथे एका खाणावळवाल्याच्या घरी जन्मला. पुढे त्याने पॅरिसमध्ये मिठाईचे दुकान थाटले. साखरेने फळ टिकते हे त्याचा धंदाच त्याला शिकवीत होता. पण साखर महाग आणि तिने चव बदलते, ह्याचे त्याला वैषम्य वाटे. १७९५ च्या सुमारास त्याने प्रयोग आरंभिले. शँपेनच्या जाड काचेच्या बाटल्या घ्याव्या, त्यांत वाटाणे, मांसाचा रस्सा किंवा दूध भरावे, उत्तम प्रतीचे बूच ठोकून तारेने आवळावे, फुटून इजा होऊ नये म्हणून प्रत्येक बाटली कापडी पिशवीत घालावी, आणि मग सर्व बाटल्या कढईतील पाण्यात ठेवून ठराविक वेळ उकळाव्या. एवढीच त्याची रीत. पॅरिसजवळ मासी ह्या गावी त्याने कारखाना काढला. फ्रेंच आरमाराने त्याच्या बाटल्या पारखून पाहिल्या, आणि महिन्यांनंतरही आतील वाटाणे खाण्याजोगे निघाले.

नेपोलियनने सैन्यासाठी १२,००० फ्रँकांचे बक्षीस लावले आणि अपेरने ते जिंकले, अशी गोष्ट सर्वत्र सांगतात. आम्हीही ती अनेक वर्षे वर्गात सांगत आलो, हे येथे कबूल केले पाहिजे. वस्तुतः तशी स्पर्धा आधी जाहीर झाली होती असे दिसत नाही. १८१० साली फ्रान्सच्या अंतर्गत व्यवहार मंत्र्याने तज्ज्ञांच्या समितीकरवी परीक्षा करविली आणि अपेरला १२,००० फ्रँक दिले. अट अशी की त्याने आपली कृती स्वखर्चाने छापून लोकांस खुली करावी. अपेरला हक्कपत्र घेऊन ती स्वतःपुरती ठेवता आली असती. त्याने छापणे पत्करले. पुढे १८१४ च्या स्वारीत त्याच्या कारखान्याची नासधूस झाली. 'मानवजातीचा हितकर्ता' ही पदवी मिळाली, पण पैसा टिकला नाही. १८४१ साली एक्क्याण्णवाव्या वर्षी तो वारला, तेव्हा त्याला बेवारशांच्या सामाईक खड्ड्यात मूठमाती मिळाली.

अन्न का टिकते हे मात्र अपेरला ठाऊक नव्हते, आणि त्याच्या काळी कोणासच नव्हते. गे-लुसॅकसारख्या थोर रसायनज्ञाने बाटल्या तपासून निर्णय दिला की आतील हवेतला प्राणवायू नाहीसा होतो म्हणून अन्न नासत नाही. निर्णय चुकीचा होता. पण तो पन्नास वर्षे चालला. नासवतात ते सूक्ष्मजंतू, आणि उष्णतेने ते मरतात, हे १८६० च्या दशकात पाश्चरने सिद्ध केले, तेव्हा अपेरला जाऊन वीस वर्षे होत आली होती. कृती बरोबर आणि कारण चूक, अशी ही अवस्था निरुपद्रवी वाटते. ती तशी नव्हती.

इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने १८१० सालीच कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्याचे हक्कपत्र घेतले, आणि ब्रायन डाँकिनने १८१३ पर्यंत लंडनच्या बर्मंडसी भागात कारखाना चालू केला. डबा उघडण्यास छिन्नी आणि हातोडा लागे. डबा उघडण्याचे खास हत्यार निघण्यास आणखी चाळीसांवर वर्षे लागली! ध्रुवप्रदेशी निघालेल्या जहाजांवर हे डबे गेले, आणि १८२४ च्या सफरीतील एक डबा शंभराहून अधिक वर्षांनी उघडला असता आतील मांस बहुतांशी चांगले निघाले. पण ह्याची दुसरी बाजू १८५२ च्या जानेवारीत गॉसपोर्टच्या आरमारी कोठारात दिसली. गोल्डनर नावाच्या ठेकेदाराचे डबे तपासणीसाठी फोडू लागले, तो बहुतेकांतून अशी दुर्गंधी सुटली की फोडणाऱ्यांस काम थांबवावे लागले. डबे मोठे केले होते. उकळीची उष्णता मांसाच्या गाभ्यापर्यंत पोचली नव्हती. हवा काढली की झाले, असे ज्यास वाटते, त्यास गाभ्याच्या उष्णतेची फिकीर कशी असणार?

येथवर हा व्यवहार सैन्याचा, आरमाराचा आणि कारखान्यांचा होता. तो घरात आला न्यूयॉर्कच्या एका कथीलकाम करणाऱ्या तरुणामुळे. जॉन लँडिस मेसन ह्याने ३० नोव्हेंबर १८५८ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, गळ्यावर आटे असलेल्या काचेच्या बरणीचे व जस्ताच्या फिरकीच्या झाकणाचे हक्कपत्र मिळविले. पूर्वी बरणीच्या तोंडावर लाख किंवा मेण ओतावे लागे. आता झाकण फिरविले की काम झाले, आणि बरणी धुऊन पुढल्या वर्षी पुन्हा भरता येई. अमेरिकेतील शेतकऱ्याच्या घरी कोठीच्या फळीवर बरण्यांची रांग दिसू लागली ती तेव्हापासून. मेसनचे नाव आजही बरणीस चिकटलेले आहे. तो स्वतः १९०२ साली दारिद्र्यात मेला. अपेर आणि मेसन ह्या दोघांचीही ही एकसारखी अखेर पाहून, लोकांच्या कोठ्या भरणाऱ्यांच्या स्वतःच्या कोठ्या रित्याच राहाव्या, ह्याचे नवल वाटते.

आता त्या घेवड्याकडे वळू. १८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधील एलेझेल ह्या खेड्यात अंत्यविधीस आलेल्या वादकांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले, त्यांपैकी तिघे मरण पावले आणि कित्येकांस दृष्टी व घसा ह्यांचा लकवा झाला. प्राध्यापक व्हान एर्मेंगेम ह्यांनी त्या मांसातून एक जंतू वेगळा केला. हाच बॉट्युलिझमचा जंतू. ह्याचे दोन विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. एक, तो हवा नसेल तेथेच फोफावतो, म्हणजे घट्ट बंद केलेली बरणी हे त्याचे माहेरघर. दुसरे, त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात तासन्‌तास जिवंत राहतात. त्यांस मारण्यास सुमारे १२१ अंश सेल्सियसची उष्णता लागते, आणि ती वाफेच्या दाबावाचून मिळत नाही. आंबट पदार्थांत तो वाढू शकत नाही. म्हणून फळे उकळत्या पाण्यात निभावून जातात, टोमॅटोसही लिंबाच्या रसाची जोड पुरते. पण घेवडा, मका, पालेभाजी, मांस ह्यांस ते संरक्षण नाही. आणि दुर्गंधी येईलच असे नाही. गॉसपोर्टचे डबे निदान बोंब तरी मारीत होते. ही बरणी गप्प असते.

कारखान्यांनी हे लवकर ओळखले. १८७४ पासून बाल्टिमोरमध्ये दाबाच्या बंद भांड्यांत डबे शिजत होते. १८९५ नंतर मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षणसंस्थेत प्रेस्कॉट व अंडरवुड ह्यांनी वेळ व उष्णता ह्यांचे शास्त्र बसविले. घरातील बाईच्या हाती मात्र अपेरची कढईच राहिली. आणि नेमक्या त्याच वेळी लढाईने तिच्या दारावर थाप मारली. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा परसात भाजी लावा व बरण्या भरा, अशा घोषणांनी भिंती रंगल्या. अमेरिकी कृषिखात्याने ह्याच सुमारास दाबाच्या भांड्याचा आग्रह धरण्यास आरंभ केला. पण ते भांडे महाग, आणि घेवडा तीन तास उकळण्याची जुनी रीत पुष्कळ घरांत चालूच राहिली. चाखून पाहावे म्हणून चमचाभर जिभेवर ठेवलेला पदार्थही पुरेसा घातक ठरू शकतो. आणि घरात चाखून पाहण्याचे काम कोणाचे असते, हे वाचकांस सांगणे नको.

साठा करणे हे देशकार्य केव्हा आणि गुन्हा केव्हा, ह्याची रेषाही त्याच युद्धात काढली गेली. आमच्या आजोबांच्या पिढीने जिच्या कादंबऱ्या आवडीने वाचल्या ती मेरी कोरेली हिला १९१८ च्या जानेवारीत साखर साठविल्याबद्दल ५० पौंड दंड झाला. साखर जॅमसाठी होती, हा तिचा बचाव मान्य झाला नाही. तेच दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, इंग्लंडच्या खेड्यांतील स्त्रियांच्या संस्थांना सरकारने जॅमसाठी मुद्दाम साखर पुरविली, आणि त्यांनी १,६०० टनांहून अधिक फळे टिकविली. कृत्य एकच, सरकारी कागद मात्र निराळा.

१९४३ हे साल तर विसरण्याजोगे नाही. त्या वर्षी अमेरिकेत १ मार्चपासून डबाबंद अन्नास शिधापत्रक लागू झाले, परसबागांची संख्या सुमारे दोन कोटींवर गेली, आणि घरोघर मिळून चार अब्जांहून अधिक बरण्या व डबे भरले गेले. बरण्यांसाठी वाढीव साखर मिळे. त्याच उन्हाळ्यात, जूनमध्ये, बंगाल सरकारने खेडोपाडी दडविलेले धान्य हुडकण्याची मोहीम काढली. तांदूळ आहे, तो लोकांनी घरात लपविला आहे, असे गृहीत धरले होते. हाती फारसे लागले नाही, कारण बहुतेक घरांत लपविण्याजोगे काही नव्हतेच. चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला; पुढील अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या आसपास नेला. कोठीच्या फळीवरील बरण्यांचा इतिहास लिहिणारे अमेरिकी ग्रंथकार ह्या दुसऱ्या घटनेचा उल्लेख करीत नाहीत. त्यांचा तो विषय नव्हे, हे खरे. पण त्या एका वर्षाची ही दोन पाने आम्हांस निरनिराळी वाचता येत नाहीत.

युद्ध संपल्यावर घराघरांत शीतपेट्या आल्या आणि बरण्या मागे पडल्या. मग अणुबाँबच्या भयाने त्या पुन्हा पुढे आल्या. १९५५ साली अमेरिकेच्या नागरी संरक्षण खात्याने 'आजीची कोठी' नावाची मोहीम काढून प्रत्येक गृहिणीस सात दिवसांचा शिधा घरात ठेवण्यास सांगितले. अणुबाँब आणि आजी ह्यांची अशी सांगड घालण्याची बुद्धी कोणास झाली असेल ती असो! अलीकडे, २०२० च्या साथीत, तेथे बरण्यांची झाकणेच दुकानांतून नाहीशी झाली होती. आपल्याकडे त्या चैत्रात टाळेबंदी लागली तेव्हा ज्यांच्या घरी वर्षाचे गहू, तांदूळ भरलेले होते ते निश्चिंत होते. रोज संध्याकाळी मजुरी हाती आल्यावर पीठ आणणाऱ्यांस ही निश्चिंती कोठून असणार?

आपल्या लोणच्याविषयी येथे दोन शब्द लिहिले पाहिजेत. तेल वर तरंगले पाहिजे, नाही तर लोणचे नासते, हे आमच्या आजीचे सांगणे. बुरशीपुरते ते बरोबर आहे. पण नुसते तेल हवा अडविते, आणि हवा नसणे हे तर ह्या जंतूस हवेच असते. त्यास रोखतात ते मीठ आणि आंबट. म्हणून तब्येतीसाठी मीठ निम्मे करून वर तेल भरपूर ओतणाऱ्यांनी ती बरणी शीतकपाटात ठेवावी. आजीची कृती बरोबर होती, कारण तिने मीठही कमी केले नव्हते.

विद्यार्थिनीस आम्ही हेच सविस्तर कळविले. आपल्या कुकरातही दाब असतो, हे खरे. पण तो लहान, लवकर तापतो व लवकर निवतो, आणि बरणीच्या गाभ्यास किती उष्णता किती वेळ मिळाली ह्याचा त्यात हिशोब नाही. तेथील कृषिखाते दाबमापक असलेले मोठे भांडे सांगते; त्यात घेवड्याच्या पाइंटच्या बरणीस २० मिनिटे व क्वार्टच्या बरणीस २५ मिनिटे ठरलेली आहेत, आणि गाव समुद्रसपाटीपासून जसे उंच तसा दाब वाढवावा लागतो. शिट्ट्यांचा उल्लेख त्या कोष्टकात नाही.

तिचे उत्तर गेल्या आठवड्यात आले. थोडा घेवडा तिने व्हिनेगर, मीठ व मोहरी घालून बरण्यांत भरला आणि उकळत्या पाण्यातून काढला. त्या बरण्या तळघरातील फळीवर गेल्या. बाकीचा किंचित वाफवून शीतपेटीत गोठवून ठेवला आहे. पण ज्या वादळासाठी ही सारी बेगमी, त्या वादळात तेथे आधी वीज जाते, तेव्हा शीतपेटीचे काय करावे, असे तिने उलट विचारले आहे. ते मोठे भांडे तेथे काय किमतीस पडते, हे आम्ही तिलाच विचारून पाठविले आहे.