राशीचा उतार

शंकूच्या भूमितीचा इतिहास लिहिताना सुरुवात बहुधा ग्रीसपासून होते. अपोलोनियसने शंकूचे तिरपे छेद घेऊन लंबवर्तुळ, अन्वस्त आणि अपास्त यांचे गुणधर्म मांडले आणि पुढे केप्लरला ग्रहांच्या कक्षा त्यांतल्या लंबवर्तुळात सापडल्या, हा तो धागा. तो खराच आहे. पण शंकूकडे जाणारी दुसरी वाट आपल्याकडे खळ्यावरून निघाली. ओतलेले धान्य आपणहून जो आकार घेते, त्याचे माप कसे काढायचे, हा तिचा प्रश्न. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त त्यासाठी स्वतंत्र प्रकरण ठेवले, ते म्हणजे राशिव्यवहार. हे प्रकरण सोप्या हिशेबाचे परिशिष्ट मानून वाचक पुढे सरकतो. माझ्या मते त्यात भूमितीपेक्षा जास्त काही आहे: धान्याच्या दाण्याचा स्वभाव तिथे अपूर्णांकात पकडलेला आहे. धानाचा कटोरा म्हणवणाऱ्या छत्तीसगढमध्ये, रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाभोवती वावरणाऱ्या मराठी वाचकाला तर हा विषय दोन्हीकडून आपला आहे, धानाकडून आणि भास्कराचार्यांकडूनही.

नियम असा. रास न मोडता तिची एकच गोष्ट नीट मोजता येते, ती म्हणजे दोरीने घेतलेला पायथ्याचा परिघ. त्रिज्या धान्याखाली दडलेली असते आणि उंची मोजायला काठी खुपसली की उतार ढासळतो. म्हणून परिघाचा सहावा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि उंचीने गुणायचे. उंचीही परिघावरूनच ठरते: जाड धान्याला परिघाचा दहावा भाग, बारीक धान्याला अकरावा, कुसळाच्या धान्याला नववा. ‘लीलावती’तल्या उदाहरणात परिघ ६० हात आहे. जाड धान्याची रास ६ हात उंच, म्हणून घनफळ ६०० घनहात. तेवढ्याच परिघात बारीक धान्य साधारण ५४५ भरते आणि कुसळाचे ६६६ च्या वर जाते. एक घनहात म्हणजे मगधाची एक खारी, त्यामुळे उत्तर थेट खारीतच हाती येते. रास भिंतीला टेकलेली असेल, घराच्या आतल्या कोपऱ्यात असेल किंवा बाहेरच्या कोपऱ्याला वळसा घालून पडली असेल, तर दिसणारा परिघ अनुक्रमे २, ४ आणि ४/३ ने गुणून पूर्ण राशीचे माप काढायचे आणि आलेले उत्तर त्याच संख्येने भागायचे. कोठीघरात उभे राहून विचार केल्याशिवाय हे सुचत नाही.

आता ते तीन अपूर्णांक कोनात बदलून पाहावेत. दहाव्या भागाचा उतार सुमारे ३२ अंशांचा येतो, अकराव्याचा ३० च्या किंचित खाली, नवव्याचा ३५ च्या जवळ. कोठारे बांधणारा आजचा अभियंता सालासकट भातासाठी ३५ अंशांच्या आसपासचाच विरामकोन, म्हणजे ओतलेली रास ज्या उताराला स्थिरावते तो कोन, धरतो. टीकाकार या वर्गांना हरभरा, मोहरी आणि भात अशी उदाहरणे देतात. हरभरा आणि मोहरी यांतला फरक थोडा आहे, त्यावर फार भार टाकू नये. पण कुसळे एकमेकांत अडकतात, दाणे घसरत नाहीत आणि रास उभट राहते, हे निरीक्षण पक्के आहे.

यावर पहिला आक्षेप हिशेबाच्या अचूकतेचा. परिघ भागिले ६ म्हणजे π बरोबर ३ धरणे, आणि भास्कराचार्यांना तर २२/७ व ३९२७/१२५० ही दोन्ही मूल्ये ठाऊक होती. मग ही ढिलाई का? ३ धरल्याने उत्तर पावणेपाच टक्क्यांनी फुगते, हे मान्य. पण शंकूच्या घनफळात π ला ३ ने भागावे लागते, त्यामुळे ३ धरताच तो भागाकार नाहीसा होतो आणि त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची एवढेच उरते. शिवाय धान्याचा वर्ग दहाव्याचा की अकराव्याचा, एवढ्यानेच उत्तर नऊ टक्क्यांनी हलते. जिथे दाण्याचा ओलावा आणि जात याहून मोठा फरक पाडतात, तिथे π चे दशांश वाढवून काही साधत नाही. कोणती चूक चालेल आणि कोणती नाही याची ही जाण आहे. तिला मी ढिलाई म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: भास्कराचार्यांनी हे अपूर्णांक जुन्या ग्रंथांतून उचलले, स्वतः रास मोजली नाही. असेल तसे, ब्रह्मगुप्ताकडेही हेच तीन भाग आहेत. त्यामुळे निरीक्षणाचा काळ मागे जातो, निरीक्षण खोटे ठरत नाही. आणि ही विद्या मोजमापाच्या व्यवहारापासून तुटलेली नव्हती. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी काढलेल्या मठाला मिळालेली दाने त्यात नोंदली आहेत. त्याच्या मराठी भागात गावात जे मापले जाईल ते मठाच्या मापाने मापावे आणि मापण्याचे उत्पन्न मठ व मापारी यांनी अर्धे अर्धे घ्यावे, अशी व्यवस्था दिसते. तिथे सूत्र वापरत होते असे यावरून म्हणता येणार नाही, माप भांड्यानेच होत होते. पण सिद्धान्त शिकणारे आणि माप टाकणारे एकाच गावात होते, एवढे नक्की.

खरी रास काटेकोर शंकू नसते, तिचा माथा गोलावतो आणि पायथा पसरतो, हेही खरे. आधुनिक विज्ञान तेवढ्यावर थांबले नाही, उलट त्या उतारातच शिरले. कुलोंने १७७३ मध्ये घर्षण आणि मातीचा दाब यांची सांगड घातली. १९८७ मध्ये बाक, तांग आणि वीझेनफेल्ड यांनी वाळूच्या राशीच्या प्रतिमानावरून लहानमोठ्या घसरणींचा सिद्धान्त मांडला. १९९६ मध्ये ऑस्लोच्या संशोधकांनी तो चक्क तांदळावर तपासला. त्यांची रास दोन काचांमधली होती, शंकूची नव्हती, तरी निष्कर्ष इथे मोलाचा आहे: लांबट दाण्याच्या तांदळात सिद्धान्ताने सांगितलेले वर्तन दिसले, आखूड दाण्याच्या तांदळात दिसले नाही. राशीचे गणित दाण्याच्या आकारावर अवलंबून असते, हेच तर त्या तीन अपूर्णांकांनी धरून ठेवले होते.

छत्तीसगढमध्ये धान ‘काठा’ या मापाने मोजत, २० काठ्यांची खंडी आणि २० खंडींचा गाडा. ही सगळी आकारमानाची मापे, त्यामुळे राशीच्या घनफळाला तिथे थेट अर्थ होता. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली, धान क्विंटलने विकले जाऊ लागले आणि राशीचा आकार व्यापारातून बाद झाला. नियम मात्र आजही तपासता येईल, आणि त्यासाठी रायपूरइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही. इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात भातसंशोधक डॉ. रिछारियांच्या संग्रहापासून वाढत गेलेले भाताचे वीस हजारांवर वाण आहेत, कुसळाचे आणि बिनकुसळाचे, लांब दाण्याचे आणि आखूड दाण्याचे. त्यांतल्या काही डझन वाणांच्या राशी ओल्या आणि वाळलेल्या अशा दोन्ही अवस्थांत घालून परिघ व उंची नोंदली, तर नववा भाग कुठल्या दाण्याला लागू पडतो आणि कुठे तो दहाव्याकडे सरकतो, ते एका हंगामात कळेल.