ऐकणारे अरण्य

व्हिएतनाम युद्धात, १९६८ ते १९७३ या काळात, अमेरिकेने लाओसमधील हो चि मिन्ह मार्गावर विमानांतून हजारो संवेदक टाकले. काही झाडांत लटकून आवाज टिपत, काही जमिनीत रुतून कंपने. संदेश थायलंडमधील नाखोन फानोम येथील संगणकांकडे जात. ओळीतले संवेदक एकामागून एक जागे झाले, की अंतर आणि वेळ यांवरून ताफ्याचा वेग निघे. तो पुढे कुठे, केव्हा असेल याचे भाकीतही. बॉम्ब पडत ते या भाकितावर. पण संवेदकाला ऐकू येतो तो आवाज, ट्रक नव्हे! हवाई दलाने नष्ट ठरवलेले ट्रक उत्तर व्हिएतनाममधील एकूण ट्रकांच्या अंदाजाहून अधिक भरू लागले. अवशेष मात्र फारसे दिसेनात, तेव्हा अमेरिकनांतच ‘लाओसच्या महान ट्रकभक्षका’चा विनोद रूढ झाला.