वेड्यांची साक्ष

श्रोतेहो, ज्याच्या घरीं पुस्तकांनीं कपाटें भरलीं आहेत, त्याच्याविषयीं घरची मंडळी फारशा गौरवानें बोलत नाहींत, हा अनुभव सार्वत्रिक आहे. 'ही रद्दी केव्हां काढणार?' हा प्रश्न त्यास वर्षांतून एकदां तरी, विशेषतः दिवाळीच्या तोंडावर, ऐकावा लागतोच. जुन्या तबकड्या जपणाराची किंवा चित्रपटांचीं जाहिरातपत्रकें जमविणाराची गत याहून निराळी नसते. अशा माणसास आपण वेडा म्हणतों. परंतु इतिहासाच्या दरबारांत या वेड्यांच्या साक्षीस मोल काय, तें आज थोडक्यांत पाहावयाचें आहे.

१८९३ सालीं ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. संस्थापकांत अग्रेसर होते विनायक लक्ष्मण भावे, आणि त्यांस त्या वेळीं पुरतीं बावीस वर्षेंही झालीं नव्हतीं. वाचनालयें महाराष्ट्रांत त्यापूर्वींही होतीं. परंतु पुस्तक वाचावयास मिळावें म्हणून ठेवणें निराळें आणि तें जगावें म्हणून ठेवणें निराळें. मराठी ग्रंथ हा मराठी आहे, एवढ्याच नात्यानें त्याचा संग्रह करावा, ही दृष्टि या संस्थेनें दिली. पुढें १८९८ सालीं मुंबईस आणि १९११ सालीं पुण्यास अशाच संस्था उभ्या राहिल्या. आणि ज्या तरुणास जमविण्याचें हें वेड लागलें, त्याच्याच हातून पुढें 'महाराष्ट्र सारस्वत' हा प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला गेला. हा क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. संग्रह आधीं, इतिहास नंतर. ज्या पोथीस वाळवी लागली, तिच्याविषयीं अत्यंत बुद्धिमान इतिहासकारही कांहीं लिहूं शकत नाहीं.

दुसरें उदाहरण शंकर गणेश दाते यांचें. १८०० पासून १९३७ पर्यंत मराठींत जे ग्रंथ छापले गेले त्यांची सूची त्यांनीं सिद्ध केली आणि दुसऱ्या खंडांत ती १९५० पर्यंत आणून सोडली. सूची हें काम असें आहे कीं, त्यांत कीर्ति थोडी आणि धूळ फार. कादंबरी वाचून वाचक रडतो, हंसतो. सूची वाचून कोणी रडल्याचें ऐकिवांत नाहीं. परंतु आज एकाद्या विस्मृत लेखकाचें नांव जेव्हां अभ्यासकास सांपडतें, तेव्हां त्यामागें अशाच कोणा सूचिकाराचे श्रम उभे असतात.

आतां संगीताकडे वळूं. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें ध्वनिमुद्रित झालें आणि या देशांतील गायकांचा आवाज तबकडीवर राहूं लागला. अब्दुल करीम खाँ १९३७ सालीं निवर्तले, तरी त्यांचा स्वर आपण आजही ऐकूं शकतों. पण भास्करबुवा बखले? मास्तर कृष्णराव आणि बालगंधर्व ज्यांचे शिष्य, १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाच्या पदांस ज्यांनीं चाली दिल्या, ते भास्करबुवा १९२२ सालीं गेले. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आपणांपाशीं नाहीं. शिष्यांच्या गळ्यांतून त्यांची सांवली ऐकूं येते. पण मूळ मूर्ति दिसत नाहीं.

चित्रपटांची कथा याहून शोकजनक आहे. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट झळकला. लोकांची झुंबड उडाली. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाहीं. जुनी फीत ज्वालाग्राही. शिवाय तींत रुपें असे, म्हणून कित्येक फिती रुप्याच्या लोभानें मोडीत गेल्या. १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें, पी. के. नायर यांनीं गांवोगांव हिंडून फिती मिळविल्या. त्यांच्यासारख्यांच्या ध्यासामुळें फाळक्यांच्या चित्रपटांचे कांहीं भाग तरी डोळ्यांस दिसतात. परंतु 'आलम आरा' त्यांच्याही हातीं लागला नाहीं.

येथें कोणी विचारील, सर्वच जपावयाचें काय? जें उत्तम तें आपोआप टिकत नाहीं काय? श्रोतेहो, 'आलम आरा' हेंच याचें उत्तर आहे. गर्दी लोटली, नांव गाजलें, म्हणूनच तो नाहींसा होईल ही शंका कोणाच्या मनास शिवली नसावी. लोकप्रियता म्हणजे चिरंजीवित्व नव्हे. आणि आजचें सामान्य तें उद्यांचें दुर्मिळ ठरेल कीं नाहीं, हें आज ठरविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

मात्र वेड्यांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. कुलुपांत ठेवलेला संग्रह धन्याबरोबरच मरतो. भाव्यांचें वेड टिकलें, कारण त्याची संस्था झाली. मुंबईंत १९४८ सालीं स्ट्रँड चित्रगृहाच्या आश्रयानें एक लहानसें पुस्तकांचें दुकान निघालें. पुढें तें फोर्टांत नांवारूपास आलें आणि वाचकांच्या कित्येक पिढ्यांस त्यानें पुस्तकें हाताळूं दिलीं. २०१८ सालीं तें बंद झालें. दुकान गेलें, पण तेथून निघालेलीं पुस्तकें घरोघर आहेत. त्यांचें पुढें काय होणार, हें आपल्यावरच अवलंबून आहे.

म्हणून एवढीच विनंति. येत्या दिवाळींत रद्दीवाल्यास हांक मारण्यापूर्वीं आजोबांची ती ट्रंक एकदां उघडा. आंत जें सांपडेल त्यावर नांव आणि साल लिहून ठेवा, आणि घरांत जागा नसेल तर जवळच्या ग्रंथसंग्रहालयाचें दार ठोठवा. भास्करबुवांचा स्वर आतां कोणासही परत आणतां येणार नाहीं. जें अजून आपल्या हातांत आहे, तें तरी हातचें जाऊं नये.