वादातला पुरावा कसा वापरायचा?

खैरलांजीवर भाषण ठोकणं सोपं आहे, मित्रांनो. लिहिणं कठीण. भाषणाला टाळ्या पुरतात, लिखाणाला पुरावा लागतो.

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. सुरेखा, प्रियांका, सुधीर, रोशन, भोतमांगे घरातली चार माणसं जमावानं मारली. भैयालाल तेवढे वाचले. १५ सप्टेंबर २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जण दोषी धरले, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लावला नाही. १४ जुलै २०१० ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं सहा फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. खून सुडापोटी झाले, जातीपोटी नाही, असं मत दिलं.

आता समोरचा म्हणतो, "काहून बोंबलता? कोर्टच म्हणते जात नव्हती!" आपला पोरगा चिडतो, निकाल भिरकावतो आणि पत्रकात ऐकीव गोष्टी छापतो. तिथंच आपण हरतो.

असा वाद जगात दुसरीकडंही आहे. ४ जुलै १९४६, पोलंडमधलं कील्त्से शहर. हिटलर संपला होता. ज्यूंनी एका ख्रिस्ती पोराला कोंडलं अशी अफवा उठली. जमाव, पोलीस, शिपाई तुटून पडले. मरणातून वाचून आलेले सुमारे चाळीस ज्यू ठार झाले. पुढं अभ्यासक भांडले. मारेक खोदाकेविच यांनी २००३ मध्ये लिहिलं की त्या काळच्या खुनांमागं राजकारण, लूटमार, घरादाराचे तंटे होते. यान ग्रॉस यांनी २००६ च्या 'फिअर' पुस्तकात मांडलं की ज्यूंची घरं शेजाऱ्यांनी बळकावली होती, मालक परत आलेले त्यांना नको होते. दोघांवरही टीका झाली.

ओळख पटली ना? "द्वेष नव्हे, तंटा होता." पण तंटा कुणाशी, आणि त्याचा शेवट असाच का, हे कोण विचारणार?

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत इतिहासकाराचं काम सांगितलंय: खरं-खोटं, पक्कं-संशयाचं वेगळं करायचं. तीच चाळणी हाती घ्या.

निकालातली नोंद एकीकडं, निष्कर्ष दुसरीकडं ठेवा. मायलेकींनी एका मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिली, ही नोंद आहे. ती घ्या. मग विचारा, दलित बाईनं साक्ष दिली म्हणून अख्खं घर संपवायची हिंमत आली कुठून? सूड आणि जात वेगळे राहतात कसे?

हीच चाळणी आपल्या माणसाच्या लिखाणालाही लावा. बलात्कार झाला असं अनेक सत्यशोधन अहवालांनी लिहिलं; कोर्टात तो सिद्ध झाला नाही. दोन्ही लिहा. कुणी म्हटलं, कशाच्या आधारे, तेही लिहा. मनाचा आकडा एकही नको. एक खोटं सापडलं की ते दहा खरी पुसतात.

भैयालाल २०१७ च्या जानेवारीत नागपुरातच गेले. डोळ्यांनी पाहिलेला माणूस आता नाही. राहिले फक्त कागद, आणि ते वाचणारे तुम्ही. नीट वाचा.

जय भीम.