बिनटाक्याचे वस्त्र

टाका न घालता वस्त्र सिद्ध होते, याचे आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. साडी, धोतर, उपरणे मागावरून उतरते आणि थेट अंगावर येते. मात्र या वस्त्रांचे न शिवलेपण त्यांच्या अखंडतेवर अवलंबून असते. मध्येच कात्री चालवली की ताणाबाणा उसवू लागतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील घरोघरी पोहोचलेल्या फ्लीसच्या वस्त्राची गोष्ट नेमकी उलट आहे. ते कात्रीनेच घडते.

कृती मुलांनाही जमेल अशी. सुमारे दीड मीटरचा चौरस तुकडा घ्यायचा, चौपदरी घडी घालून मधल्या कोपऱ्यावर गोलसर छेद द्यायचा. डोके जाण्यापुरते भोक पडते. दोन्ही बाजूंच्या कडांना बोटभर रुंदीच्या चिरा देऊन पुढच्या-मागच्या पट्ट्यांच्या गाठी मारल्या की पाँचो तयार. सुई नाही, दोरा नाही.

हे शक्य होते ते कापडाच्या जडणघडणीमुळे. मराठीत मागावरचे आणि सुयांवरचे, दोन्ही कामांना आपण 'विणणे' म्हणतो. पण फ्लीस दुसऱ्या जातीचे. त्यात ताणाबाणा नसतो, एकमेकांत अडकवलेले फासे असतात. यंत्रावर विणलेले हे पॉलिएस्टरचे कापड तारांच्या ब्रशांनी पिंजून वर लव काढतात व ती कातरून सारखी करतात. तंतू परस्परांत असे गुंततात, की कापलेली कड सुटत नाही.

फ्लीस म्हणजे मूळ मेंढीची कातरलेली लोकर. खनिज तेलापासून बनलेल्या कापडाने मेंढीचे नाव घ्यावे, हा भाषेचा विनोद खरा. पण त्याला स्थळाचाही संदर्भ आहे. मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स हे लोकरी गिरण्यांचे शहर. कामाचे तास कायद्याने आठवड्याला ५६ वरून ५४ झाले आणि त्याबरोबर मजुरीही कापली गेली, म्हणून १९१२ साली तेथील स्थलांतरित कामगारांनी मोठा संप केला. याच शहरातील मॉल्डन मिल्सने १९७९ च्या सुमारास पॅटागोनिया कंपनीच्या साथीने हे कापड घडवले. ११ डिसेंबर १९९५ रोजी गिरणीला भीषण आग लागली. मालक एरन फ्युअरस्टाइन यांनी काम बंद असतानाही कामगारांचा पगार काही महिने चालू ठेवला आणि गिरणी तिथेच उभारली. २००१ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली, २००७ मध्ये पुन्हा. पुढे लॉरेन्समधील उत्पादनच थांबले.

घरगुती हस्तकलेच्या वर्णनांत हा इतिहास येत नाही. तिथे कर्तृत्व कात्री धरणाऱ्या हाताचे असते. 'स्वतः केले' या शब्दांत आपल्याकडे चरख्यापासून एक नैतिक वजन आले आहे. पण खादीत श्रमाचा आरंभ, म्हणजे सूत, घरी होते. इथे घरी उरते ती केवळ शेवटची पायरी. शिवण टळली ती विणणे, पिंजणे, कातरणे हे सारे आधीच कुणीतरी केले म्हणून. ते हात गाठीत दिसत नाहीत, इतकेच.

वस्त्राचा इतिहास आपण बहुधा टाक्यांवरून वाचतो. जिथे टाकाच नाही, तिथे न सुटणारी कड वाचायला शिकले पाहिजे.