लासं लेझरनं जातं का? आधी डागाची ओळख करून घ्या, मग उपचार

नागपूर : जन्मतःच अंगावर असलेल्या काळ्या, तपकिरी किंवा निळसर डागाला आपल्याकडे लासं म्हणतात. पाठीवर असलं तर कोणी विचारत नाही. तेच चेहऱ्यावर असलं, त्यातही मुलीच्या, तर शाळेत चिडवण्यापासून सोयरीक मोडण्यापर्यंत त्रास होतो. मग लेझरची जाहिरात मोबाईलवर दिसली की घरचे लोक पैसे जमवायला लागतात. पण प्रत्येक लाशावर लेझर चालत नाही. काही डाग आपोआप जातात, तर काहींवर लेझर मारणंच चुकीचं ठरतं.

डाग का पडतो?

त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याला मेलॅनिन म्हणतात. ते किंवा ते तयार करणाऱ्या पेशी एका जागी जास्त झाल्या की डाग दिसतो. गरोदरपणी ग्रहण पाहिल्याने किंवा ग्रहणात काही चिरल्याने डाग पडतो, हा समज खरा नाही. त्यात आईचा काही दोष नसतो.

कोणता डाग, काय करायचं?

* मंगोलियन स्पॉट : नवजात बाळाच्या कमरेवर, ढुंगणावर निळसर चट्टा. मार लागल्यासारखा दिसतो, पण दुखत नाही. बहुतेक लेकरांचा शाळेत जायच्या वयापर्यंत फिका होऊन जातो. उपचाराची गरज नसते.

* ओटाचा डाग : डोळ्याभोवती, कपाळावर, गालावर, बहुधा एकाच बाजूला निळा-करडा डाग. काहींना जन्मापासून, काहींना वयात येताना दिसतो. मुलींमध्ये जास्त आढळतो. जपानी डॉक्टर ओटा यांच्यावरून हे नाव पडलं. यावर लेझरचा चांगला गुण येतो. मात्र अशा काही रुग्णांच्या डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. म्हणून डोळ्यांची तपासणी करून घ्यावीच, पुढेही दरवर्षी करावी. डोळ्याच्या पांढऱ्या भागातला डाग या लेझरने काढत नाहीत.

* कॅफे-ओ-ले डाग : दुधाच्या चहासारखा फिका तपकिरी, सपाट. लेझरने काहींचा जातो, पण पुन्हा येऊ शकतो. लहान मुलाच्या अंगावर अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा जास्त डाग असतील तर डॉक्टरांना लवकर दाखवावं. ते मज्जातंतूंच्या एका आनुवंशिक आजाराचं लक्षण असू शकतं.

* जन्मजात काळा तीळ : काळा, जाडसर, कधी केसाळ. याच्या पेशी खोलवर असतात. लेझरने वरचा रंग फिका झाला तरी खालच्या पेशी राहतात. फार मोठ्या तिळात पुढे कॅन्सरचा धोका असतो. काढायचाच झाला तर बहुधा ऑपरेशनचा विचार होतो. तीळ अचानक वाढला, रंग बदलला, रक्त किंवा पाणी येऊ लागलं तर थांबू नये.

लाल किंवा जांभळट डाग रक्तवाहिन्यांचा असतो. त्याचं लेझर वेगळं असतं.

लेझर काम कसं करतं?

अमेरिकेतील अँडरसन आणि पॅरिश या डॉक्टरांनी 1983 मध्ये यामागचं तत्त्व मांडलं. ठरावीक प्रकारचा प्रकाश अगदी कमी वेळ सोडला तर तो डागातलं रंगद्रव्य फोडतो आणि आजूबाजूची कातडी वाचते. क्यू-स्विच्ड लेझरचा एक झटका सेकंदाच्या काही अब्जांश भागाएवढा असतो. फुटलेले रंगाचे कण शरीरातल्या पेशी हळूहळू साफ करतात. त्यामुळे फरक दिसायला काही आठवडे ते महिने लागतात.

आपल्या सावळ्या कातडीतही मेलॅनिन भरपूर असतं. झटका जास्त झाला तर नवा काळा किंवा पांढरा डाग पडतो. खोल डागासाठी 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर सावळ्या कातडीला त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात. आधी छोट्या जागेवर चाचणी घेणं चांगलं. केस काढायची मशीन यासाठी चालत नाही.

किती वेळा जावं लागतं?

एका वेळेत काम होत नाही. ओटाच्या डागाला अनेकदा सहा-आठ किंवा जास्त वेळा, मध्ये दीड-दोन महिने सोडून जावं लागतं. आधी बधिर करणारी क्रीम लावतात, डोळे झाकतात. रबर बँड ताणून सोडल्यासारखा चटका बसतो. लहान लेकरांना भूल द्यावी लागू शकते. नंतर सूज, खपली येते; ती नखाने काढू नये.

उन्हापासून जपणं सर्वात महत्त्वाचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, आणि हिवाळ्यात कापूस वेचणीचं ऊन असतं. वेचणीला जाणाऱ्या मुलीने उपचारानंतरचे काही आठवडे शेतातलं काम टाळावं. शक्यच नसेल तर दुपट्टा, टोपी आणि डॉक्टरांनी दिलेलं सनस्क्रीन वापरावं.

कुठे दाखवायचं?

नागपुरात मेडिकल, रेल्वे स्टेशनजवळचं मेयो आणि मिहानमधलं एम्स ही सरकारी रुग्णालयं आहेत. त्वचारोग विभागात आधी निदान करून घ्यावं आणि लेझरची सोय तिथेच विचारावी. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यांनाही डाग दाखवता येतो.

खासगी दवाखान्यात पैसे भरण्याआधी हे विचारा :

* डागाचं नाव काय? कागदावर लिहून द्या.
* लेझर कोणतं? ते चालवणारे डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ आहेत का?
* अंदाजे किती वेळा यावं लागेल, एकूण खर्च किती?
* डाग पूर्ण जाईल की फक्त फिका होईल?

नरखेड किंवा भिवापूरहून येणाऱ्याची दर खेपेला रोजी बुडते, तिकीट लागतं. तोही हिशेब आधीच धरावा. अर्ध्यात सोडलं तर आधीचे पैसे बरेचसे वाया जातात.

हे करू नका

बिब्बा, चुना, ॲसिड लावणं किंवा डागणं यांनी लासं जात नाही. बिब्ब्याने कातडी जळते, फोड येतात आणि कायमचा व्रण राहू शकतो. असा व्रण मूळ डागापेक्षा काढायला अवघड असतो. दुकानातून आणलेली गोरेपणाची क्रीमही लाशावर लावू नये.

निरुपद्रवी डाग तसाच ठेवला तरी तब्येतीला काही होत नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तर तो काढायचा की नाही, हे ज्याच्या अंगावर डाग आहे त्याला विचारूनच ठरवावं.